छोटा टेरियर : रूप पाहू नका, त्याचं काम विचारा

तुमच्या घरी आजी-आजोबांच्या काळातल्या ग्रामोफोनच्या तबकड्या असतील, तर एक कुत्रा तुमच्या ओळखीचा आहे. बेगम अख्तर यांच्या गझला असोत की लता मंगेशकर यांची मराठी गाणी, एचएमव्हीच्या तबकडीवर तो बसलेला असायचा. पांढरं अंग, काळे कान, मान किंचित तिरकी आणि समोर कर्णा. मालकाचा आवाज ऐकतोय, असं ते चित्र.

त्याचं नाव निपर. जन्म १८८४ सालचा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला. तो टेरियर होता आणि त्याच्यात जॅक रसेल किंवा फॉक्स टेरियरचं रक्त असावं, असं मानतात. चित्रकार फ्रान्सिस बरॉ याने निपर गेल्यानंतर आठवणीतून हे चित्र काढलं आणि १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतलं. चित्रातला निपर अगदी शहाण्या मुलासारखा दिसतो. प्रत्यक्षात घरी आलेल्या पाहुण्यांच्या पोटऱ्यांना मागून हलकेच दात लावायची त्याला सवय होती. ‘निपर’ हे नाव त्यावरूनच पडलं!

चित्रात दिसणारा कुत्रा आणि घरात वावरणारा कुत्रा, यांत असं अंतर असतं. छोटा टेरियर घरी आणायचा विचार असेल, तर ते आधी समजून घ्यायला हवं.

लखनौची घटना आणि एक सुटा शब्द

‘टेरियर’ हा शब्द अलीकडे आपल्याकडे भीतीने उच्चारला जातो. जुलै २०२२ मध्ये लखनौच्या कैसरबाग भागात एका वृद्ध महिलेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. देशभर बातमी पोहोचली. पिटबुलचं पूर्ण नाव ‘अमेरिकन पिटबुल टेरियर’. त्यानंतर कुत्र्यांच्या परवान्यांची, लसीकरणाची, कोणती जात पाळावी याची चर्चा घराघरांत सुरू झाली.

पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र पाठवलं. माणसांना धोकादायक म्हणून २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री, पैदास आणि पाळणं थांबवावं, असं त्यात म्हटलं होतं. यादीत पिटबुल, रॉटवायलर अशी नावं होती. त्यांच्याबरोबरच ‘टेरियर्स’ असा एक सुटा शब्दही होता. म्हणजे केसांना रिबन बांधून मांडीवर बसणारा दोन-तीन किलोंचा यॉर्कशायर टेरियरही त्याच रांगेत! पुरेशी सल्लामसलत न करता हे पत्र काढलं गेलं, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं.

लखनौच्या त्या घरावर कोसळलेलं दुःख खरं आहे आणि लोकांची काळजीही खरी आहे. पण ‘टेरियर’ या एका शब्दाने काहीच कळत नाही. तो कुत्रा कोणत्या कामासाठी घडवला गेला, हे विचारलं की बरंच कळतं.

एका नावाची दोन घराणी

टेरियर या नावाच्या मुळाशी ‘टेरा’ हा लॅटिन शब्द आहे. टेरा म्हणजे जमीन. जमिनीत शिरून काम करणारा तो टेरियर. उंदीर, घूस, कोल्हा, बिज्जू असे बिळांत राहणारे प्राणी शेतकऱ्याचं धान्य आणि कोंबड्या फस्त करत. त्यांच्यामागे बिळात घुसणारा छोटा, हिमतीचा कुत्रा शेतकऱ्याला हवा होता.

आपल्याकडेही कामातूनच कुत्रे घडले. आपला मुधोळ किंवा कारवान आणि उत्तर प्रदेशातलाच रामपूर हाउंड पाहा. लांब पाय, निमुळतं तोंड, उघड्या माळावर नजरेने सावज टिपून धावत सुटायचं. टेरियरचं काम बरोबर उलटं होतं. अंधारात, अरुंद जागेत आणि एकट्याने.

दुसरं घराणं वेगळ्या हेतूने तयार झालं. इंग्लंडमध्ये बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर करून ‘बुल अँड टेरियर’ कुत्रे घडवले गेले. त्यांना बैलांवर सोडत, आपसांत झुंजवत. एका खड्ड्यात शंभर उंदीर सोडून कोणता कुत्रा ते किती वेळात मारतो, यावर पैजा लागत. १८३५ मध्ये कायद्याने जनावरांच्या झुंजींवर बंदी आली, पण कुत्र्यांच्या झुंजी चोरून चालू राहिल्या. पिटबुल या घराण्यातला. म्हणून प्रत्येक पिटबुल हल्ला करतोच असं नाही. त्याला कसं वाढवलं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. पण त्याच्या पूर्वजांची निवड झुंजीत मागे न हटण्यासाठी झाली होती, हे विसरून चालत नाही.

छोटे टेरियर पहिल्या घराण्यातले. त्यातला सध्या शहरांत दिसू लागलेला आणि सर्वांत जास्त चुकीचा समजला जाणारा म्हणजे जॅक रसेल टेरियर. त्याचीच गोष्ट आता पाहू.

दूधवाल्याची ट्रम्प

जॅक रसेल हे एका माणसाचं नाव. रेव्हरंड जॉन रसेल यांचा जन्म १७९५ चा, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला. पुढे ते पाद्री झाले, पण जीव सगळा शिकारीत आणि कुत्र्यांत. १८१९ साली ते ऑक्सफर्डमध्ये शिकत होते. एके दिवशी त्यांना एका दूधवाल्याजवळ एक छोटी कुत्री दिसली. अंग पांढरंशुभ्र, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर तपकिरी ठिपका आणि शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा आणखी एक. रसेलसाहेबांनी ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं नाव होतं ट्रम्प. (हसू नका, ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे!)

या ट्रम्पपासून रसेल यांनी आपल्या कुत्र्यांचं घराणं वाढवलं. पुढे इंग्लंडच्या राजघराण्याने तिचं चित्र काढून घेतलं. १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, तेव्हा रसेल त्याच्या पहिल्या सभासदांत होते. तरी स्वतःचे कुत्रे त्यांनी प्रदर्शनात उतरवले नाहीत. दिसण्यासाठी पैदास सुरू झाली की कामाचे गुण हरवतात, असं त्यांचं मत होतं. १८८३ मध्ये ते वारले. गंमत म्हणजे ज्या केनेल क्लबच्या स्थापनेत ते होते, त्याने ‘जॅक रसेल’ या नावाच्या जातीला मान्यता दिली ती थेट २०१६ मध्ये.

बिळातली नोकरी

त्या काळी घोड्यावरून कोल्ह्याची शिकार होई. मोठ्या शिकारी कुत्र्यांचा कळप कोल्ह्याचा पाठलाग करी. कोल्हा बिळात शिरला की मोठे कुत्रे बाहेरच अडत. मग टेरियरला आत सोडायचं. त्याने कोल्ह्याला मारायचं नसे. भुंकून, अंगावर जाऊन त्याला बाहेर पळायला लावायचं, एवढंच काम.

आज घरात त्रास वाटणारी प्रत्येक सवय या नोकरीतून आली आहे. कशी ते पाहा.

रंग पांढरा का? धावपळीत आणि चिखलात त्याला कोल्हा समजून इजा होऊ नये म्हणून. स्कॉटलंडच्या वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरचीही अशीच कथा सांगतात. पोल्टॅलॉकच्या माल्कम नावाच्या जमीनदाराचा लालसर टेरियर कोल्हा समजून चुकून गोळीला बळी पडला. तेव्हापासून त्यांनी पांढऱ्या रंगाचेच कुत्रे वाढवायचे ठरवले.

छाती लहान का? बिळात शिरता यावं म्हणून. दोन्ही हातांच्या पंजांत छातीचा घेर मावतो का, हे जाणकार आजही तपासतात. जॅक रसेलची उंची साधारण २५ ते ३० सेंटीमीटर आणि वजन पाच-सहा किलो.

इतका भुंकतो का? जमिनीखाली तो कुठे आहे, हे वरच्या माणसांना त्याच्या भुंकण्यावरूनच कळायचं. आवाज जिथून येतो, तिथे माणसं खणत. गप्प बसणारा टेरियर त्या कामाचा नव्हता.

सांगितलेलं ऐकत का नाही? बिळात मालक नसतो. पुढे जायचं की थांबायचं, हे त्याला एकट्यालाच ठरवायचं असे. स्वतःच्या डोक्याने वागणाऱ्या कुत्र्यांचीच पिढ्यान् पिढ्या निवड झाली. आपण त्याला हट्टी म्हणतो.

आणि त्याला भीती का वाटत नाही? अंधारात आपल्याहून मोठ्या जनावरासमोर तोंड फिरवणारा टेरियर कोणी पुढे वाढवला नाही. म्हणून आजही रस्त्यावरच्या चार मोठ्या कुत्र्यांना तो एकटा आव्हान देतो आणि मार खाऊन येतो.

गिरणीतून मांडीवर

मांडीवरच्या यॉर्कशायर टेरियरचीही कथा कष्टकरी आहे. उत्तर इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या भागात, कामगारांच्या घरांत तो वाढला. उंदीर मारणं हे त्याचं काम. मुंबईत महापालिकेची माणसं रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारायला निघतात ना, तेच काम तिकडे छोटे टेरियर करत.

दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकी सैनिकांना अशीच एक यॉर्कशायर कुत्री सापडली. तिचं नाव स्मोकी, वजन दोन किलोंच्याही आत. फिलिपाइन्समध्ये धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. खणायचं तर विमानं थांबवावी लागली असती आणि शत्रूच्या हल्ल्याचा धोका होता. स्मोकीच्या गळपट्ट्याला दोरी बांधली आणि ती सुमारे ७० फूट लांब, आठ इंच रुंद पाइपातून पलीकडे गेली. रिबन बांधलेल्या ‘खेळण्या’तही बिळात शिरणारा कुत्रा शाबूत असतो, तो असा.

लखनौच्या फ्लॅटमध्ये

आता समजा, नोकरीनिमित्त लखनौला गेलेलं एक मराठी कुटुंब गोमतीनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतं. आई-बाबा दिवसभर बाहेर, मुलं शाळेत, आजी घरी. मुलांनी मोबाइलवर जॅक रसेलचे उड्या मारणारे व्हिडिओ पाहिले आणि वाढदिवसाला पिल्लू घरी आलं. पुढे काय होईल, हे वरची नोकरी वाचून तुम्हीच सांगू शकाल. कुंड्यांतली माती घरभर. बाल्कनीतल्या खारीवर तासभर भुंकणं. सोफ्याच्या उशा फाडलेल्या. शेजाऱ्यांची तक्रार. आजी म्हणणार, “अरे, हा कुत्रा आहे की वादळ?” सहा महिन्यांनी ‘चांगलं घर हवं आहे’ अशी जाहिरात.

कुत्र्याने यात काहीही चुकीचं केलेलं नसतं. त्याला काम मिळालं नाही, म्हणून त्याने स्वतःच काम शोधलं.

घरी छोटा टेरियर असेल किंवा आणायचं पक्कं असेल, तर एवढं जरूर करा.

खणायला जागा द्या. जुना टब वाळूने भरा, त्यात खेळणं किंवा खाऊ पुरून ठेवा. कुंड्या वाचतील.

नाकाला काम द्या. जेवणाचा काही भाग वाडग्यात न देता खोलीभर लपवा. पंधरा मिनिटं वास घेत शोधलं, तरी तो छान दमतो.

रोज किमान तासभर फिरवा, पण वेळ सांभाळा. लखनौत मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारी लू वाहते. फिरणं सूर्योदयाच्या आसपास किंवा रात्री. रस्त्यावर हाताचा पंजा पाच सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला, तर त्याच्या पायांनाही बसेल. हिवाळ्याच्या धुक्यात आखूड केसांच्या कुत्र्याला स्वेटर लागतो.

पट्टा कधीही सोडू नका. खार किंवा मुंगूस दिसलं की हाक ऐकू येत नाही, पाय धावत सुटतात. गळपट्ट्यापेक्षा छातीला बसणारा हार्नेस बरा.

गच्ची जपा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौत ‘जमघट’ असतो, आकाश पतंगांनी भरून जातं. पतंगामागे धावणारा टेरियर कठडा पाहत नाही आणि मांजाने पाय कापतात. त्या दिवशी त्याला घरातच ठेवा. आपल्याकडे संक्रांतीलाही हेच.

घरात पोपट, ससा किंवा हॅम्स्टर असेल, तर टेरियर आणूच नका. ‘लहानपणापासून एकत्र वाढले’ यावर विसंबून त्यांना एकटं सोडणं धोक्याचं आहे.

आणि लहान मुलांना शिकवा : झोपलेल्या कुत्र्याला उठवायचं नाही, खाताना हात लावायचा नाही, शेपटी ओढायची नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाजवळ कुत्रा असेल, तर मोठं माणूस तिथेच हवं. कुत्रा लहान असला, तरी त्याचे दात खरे असतात.

उंदराशी गाठ, म्हणून दवाखान्याशीही

टेरियरला उंदीर दिसला की तो पकडणारच. यात दोन धोके आहेत. पहिला लेप्टोस्पायरोसिसचा. पावसाळ्यात मुंबईकर ज्याला ‘लेप्टो’ म्हणतात, तोच आजार. उंदरांच्या लघवीतून तो कुत्र्यांना होतो आणि कुत्र्यांकडून माणसांनाही होऊ शकतो. कुत्र्यांसाठी त्याची लस आहे. पशुवैद्यांना आठवणीने विचारा. दुसरा धोका उंदीर मारायच्या औषधाचा. असं औषध खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला, तर काही दिवसांनी शरीरात आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. घरात टेरियर असेल, तर ते औषध आणूच नका. शेजारी वापरत असतील, तर त्यांच्याशी बोला. संशय आला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

रेबीजची लस आणि तिचं प्रमाणपत्र हवंच. लखनौत नगर निगमचा परवाना काढताना ते लागतं. तुमच्या शहरात महापालिकेचा नियम काय आहे, तेही विचारून घ्या.

घेण्याआधी

जॅक रसेल तब्येतीने काटक असतो. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या तीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या गेल्या. अभ्यासलेल्या १८ जातींत सर्वांत जास्त आयुर्मान जॅक रसेलचं निघालं, १२.७ वर्षं. सर्वांत कमी फ्रेंच बुलडॉगचं, साडेचार वर्षं. फ्रेंच बुलडॉग तिकडे अलीकडेच लोकप्रिय झाल्याने त्यांच्यात तरुण कुत्रे जास्त आहेत, म्हणून तो आकडा थोडा जपून वाचायचा. तरीही चपट्या तोंडासाठी वाढवलेल्या कुत्र्याला श्वासाचा त्रास होतो, हे पशुवैद्य रोज पाहतात. रसेलसाहेबांना प्रदर्शनाची धास्ती का होती, हे त्यातून कळतं.

तरीही पिल्लू घेताना तपासून घ्या. या जातीत डोळ्यातलं भिंग सरकण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, गुडघ्याची वाटी सरकते, काही पिल्लं जन्मतः बहिरी असतात. पिल्लाची आई पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवा म्हटल्यावर विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तिथून निघा.

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरं द्या. पुढची बारा-तेरा वर्षं रोज एक तास कोण देणार? दिवसा तो कोणाजवळ असणार? आणि त्याचं भुंकणं, खणणं, पळणं आपल्याला मंजूर आहे का? उत्तर अडखळलं, तर टेरियर तुमच्यासाठी नाही. त्यात कमीपणा काही नाही. गल्लीतल्या एखाद्या देशी कुत्र्याला घर देता येईल. आपल्या हवेची सवय त्याला जन्मापासून असते.

उत्तरं ठाम आली, तर मात्र मजा आहे. २०११ च्या ‘द आर्टिस्ट’ या चित्रपटात उगी नावाच्या जॅक रसेलने सगळ्यांना वेड लावलं. आवरत नाही म्हणून दोन मालकांनी त्याला नाकारलं होतं. मग तो एका प्रशिक्षकाच्या हाती आला. त्याने उगीची ऊर्जा दाबली नाही, तिला रोजचं काम दिलं. कान महोत्सवात कुत्र्यांसाठीचा ‘पाम डॉग’ पुरस्कार उगीला मिळाला, तेव्हा त्याचा स्वभाव पूर्वीसारखाच होता. फक्त दिवसभर करायला काहीतरी होतं.